गाडी उभी असते तेव्हा

“सर, रात्री दोनले गाडी चालू नाही झाली तं लोकं मले मारतीन. फ्रिजले थोडीच मारतीन?”

आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेवरचा ड्रायव्हर मला हे म्हणाला, त्याला बरीच वर्षं झाली. गाडीच्या मागच्या भागात, ऑक्सिजन सिलिंडरच्या शेजारी, बारा व्होल्टचा एक छोटा फ्रिज बसवून आला होता. मी तपासायला गेलो तेव्हा त्याचा प्लग काढलेला, वायर नीट गुंडाळून रबर लावलेलं, आणि आत ड्रायव्हरचा जेवणाचा डबा. औषधं एका कोपऱ्यात, कोमट. मी औषध निर्माण अधिकारी, औषधं माझ्या सहीनं गाडीत गेलेली. शिवी ओठावर आली होती. उत्तर ऐकून ती गिळली, कारण माणूस बरोबर बोलत होता.

त्याचं म्हणणं आकड्यांत मांडून बघा. कॉम्प्रेसरवाला असा फ्रिज चालू असताना साधारण ४५ वॉट खातो. हिवाळ्यात तो थांबत थांबत चालतो, मे महिन्यात थांबायचं नाव घेत नाही. सरासरी ३० वॉट धरले तरी चोवीस तासांचे ७२० वॉट-अवर झाले. १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १२०० असतात, पण साधी लेड-ॲसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, उतरवली की तिचं आयुष्य संपत येतं. म्हणजे हातात आले ६००. गाडी एक दिवस हलली नाही तर फ्रिज बॅटरी पिऊन टाकणार, आणि इंजिनाचा स्टार्टरही त्याच बॅटरीवर. विदर्भाच्या उन्हात बॅटऱ्या तशाही लवकर बसतात. बाळंतीण ओट्यावर झोपवलेली, नातेवाईक दाराशी आणि गाडी खर्र खर्र करून गप्प, हे ज्यानं एकदा बघितलंय तो प्लग काढणारच.

म्हणून रुग्णवाहिकेतली औषधं गार राहत नाहीत याचं खापर ड्रायव्हरवर किंवा सिस्टरवर फोडणाऱ्यांशी माझं जमत नाही. ‘प्रत्येक गाडीत फ्रिज द्या’ म्हणणाऱ्यांशीही नाही, आणि ही मागणी दर उन्हाळ्यात कुठून ना कुठून येतेच. माझं म्हणणं एवढंच: आपली कोल्ड चेन, म्हणजे औषध शेवटपर्यंत गार ठेवणारी साखळी, लसींपुरती आहे, ती दवाखान्याच्या फाटकाशी संपते, आणि रुग्णवाहिका त्या फाटकाबाहेर उभी असते. तिला आत घ्या. आत घेणं म्हणजे काय, ते पुढे सांगतो.

आधी उन्हाचं बघू. लसीचे डबे, म्हणजे आपले नेहमीचे व्हॅक्सिन कॅरिअर, किती वेळ गार राहतात याची जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे चाचणी होते ती बाहेर ४३ अंश धरून. जगातल्या उष्ण मुलखांसाठी ४३ पुरेसं मानलं गेलं. आमच्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात ४३ अंश असले की लोक म्हणतात, आज जरा बरं आहे. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांची नोंद आहे. (३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंश झाले म्हणून देशभर बातमी झाली होती, मग हवामान खात्यानं तपासून सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आम्हाला मात्र दोन दिवस ती बातमी खोटी वाटली नव्हती.) आणि हे सगळे आकडे सावलीतले. बंद गाडी उन्हात उभी केली की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी सहज वर जातं. मी एकदा कमाल-किमान लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर गाडीच्या औषधपेटीत टाकून ठेवला. गाडी कडुलिंबाखाली होती, उन्हात नव्हती. संध्याकाळी कमाल दाखवली ५१.

गाडी धावत असते तेव्हा अडचण छोटी असते. इंजिन चालू, अल्टरनेटर बॅटरी भरतोय, एसी असला तर तोही चालू. पण ग्रामीण भागातली रुग्णवाहिका दिवसाचा मोठा भाग उभीच असते, आणि औषध मरतं ते त्या वेळात. सगळ्या चर्चेत ही साधी गोष्ट निसटते. निविदा काढणारे गाडी धावतेय असं डोळ्यांपुढे आणतात. दिवा फिरतोय, सायरन वाजतोय. झाडाखाली उभी असलेली, खिडकीवर गमछा वाळत घातलेली गाडी त्यांना दिसत नाही.

आता कुठलं औषध मरतं? २ ते ८ अंशांत ठेवायची औषधं रुग्णवाहिकेत मूठभरच लागतात, पण ती मूठ फार नेमकी आहे. सगळ्यात वर ऑक्सिटोसिन. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशात माता दगावण्याचं सगळ्यात मोठं कारण आणि बाळ बाहेर येताच आईला द्यायचं १० युनिटचं इंजेक्शन हा त्यावरचा पहिला बांध. मिथिलर्गोमेट्रिन, कार्बोप्रोस्ट हीसुद्धा रक्त थांबवण्याचीच, आणि तीही फ्रिजचीच. झटक्यांसाठीचं लोराझेपाम, श्वासनलिकेत नळी घालताना लागणारं सक्सामिथोनियम, इन्शुलिन. सर्पदंशाची लस, म्हणजे खरं तर प्रतिविष, द्रवरूप असेल तर तीही.

दूध नासलं तर वास येतो, भाजी सडली तर दिसते. ऑक्सिटोसिनची ॲम्प्यूल ५१ अंशांत आठवडाभर तापली तरी पाण्यासारखी स्वच्छ ती स्वच्छच. लसीच्या कुपीवर निदान तो चौकोन असतो, उष्णतेनं काळवंडत जाणारा, बघून सिस्टर सांगते की ही फेका. ऑक्सिटोसिनवर तसं काही नाही. इंजेक्शन दिलं जातं, रजिस्टरमध्ये लिहिलं जातं, रक्त थांबत नाही. मग म्हणायचं, केसच अवघड होती, आणायला उशीर झाला, हिमोग्लोबिन कमी होतं. हे सगळं खरंही असतं बहुतेक वेळा. औषध मेलेलं होतं का, हे विचारायला कोणाकडे काही साधन नसतं, म्हणून कोणी विचारत नाही.

माझ्या हातून झालेली चूकही इथेच सांगून टाकतो. फ्रिजचा प्लग निघाल्यावर मी मोठ्या हुशारीनं थर्मोकोलचा डबा दिला, त्यात बर्फाचे तुकडे आणि वर ॲम्प्यूल. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तेव्हा आत गढूळ पाणी, त्यावर सुटलेली लेबलं तरंगतायत आणि तळाशी दहा-बारा सारख्याच दिसणाऱ्या काचेच्या नळ्या. कुठली ऑक्सिटोसिन, कुठली दुसरी, सांगता येईना. सगळ्या मोडून टाकल्या आणि तेवढा खर्च कागदावर कसा दाखवायचा यात माझी दुपार गेली.

काही जण विचारतात, दवाखाना वीस मिनिटांवर असताना गाडीत औषध कशाला? पुण्यात विचारलं तर ठीक आहे. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात. धारणीहून अमरावतीला यायचं तर मेळघाटाचा सगळा घाट उतरायचा. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि गाडी अलीकडे, पेशंट पलीकडे. असल्या रस्त्यांवर बाळंतपण गाडीत होतं, ही काही क्वचित घडणारी गोष्ट नव्हे. तिथे गाडी म्हणजेच दवाखाना. २०१४ साली राज्यात १०८ सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी, आणि त्यात डॉक्टर बसवला तो याच हिशेबानं की उपचार गाडीतच सुरू व्हावेत. डॉक्टर बसवला, मग त्याच्या हातातलं औषध जिवंत राहील हेही बघायला नको?

लसींच्या बाबतीत आपण हे करून दाखवलंय, हे विसरता कामा नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातला आयएलआर, म्हणजे भिंतींमध्ये बर्फाचा थर असलेला फ्रिज, ही माझ्या मते सरकारी दवाखान्यातली सगळ्यात शहाणी वस्तू. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी तो भागवतो. ज्यानं तो बनवला त्यानं लोडशेडिंग गृहीतच धरलं. वीज राहील असा भरवसा त्यानं ठेवला नाही, बर्फावर ठेवला. शिवाय त्याला मालक आहे. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं, खाली सही करायची, बिघडला तर जिल्ह्याहून शीतसाखळी तंत्रज्ञ येतो, आणि आता तर तापमानाचा आकडा थेट वरच्यांच्या मोबाईलवर दिसतो. लसीकरणाच्या दिवशी चार आईस पॅक घातलेला कॅरिअर पाड्यावर जातो, संध्याकाळी परत येतो. पॅक डीप फ्रीजरमधून काढल्या काढल्या भरत नाहीत. बाहेर ठेवायचे, घाम फुटू द्यायचा, कानाशी धरून हलवायचे आणि आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मग भरायचे, नाहीतर धनुर्वाताची लस गोठून वाया जाते. सातवी शिकलेला आमचा शिपाई हे डोळे मिटून करायचा. तोच दवाखाना, तीच माणसं, आणि तिथून दहा पावलांवर उभ्या असलेल्या गाडीत ५१ अंश.

बरं, ऑक्सिटोसिन त्या आयएलआरमध्ये ठेवावं तर नियम आड. आयएलआर फक्त लसींसाठी, दुसरं औषध दिसता कामा नये. नियमामागचं कारण मला मान्य आहे: गर्दी झाली, झाकण सारखं उघडलं, चुकीची कुपी हाती आली तर लसीकरण अंगाशी येतं. तरी मी वरच्या जाळीत एका वेगळ्या डब्यात ऑक्सिटोसिन ठेवत असे आणि एका तपासणीत त्याबद्दल बोलणीही खाल्ली. पुढे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि यूएनएफपीए (संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी) यांचं संयुक्त निवेदन आलं, की ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांतच ठेवा आणि गरज असेल तिथे लसींच्या कोल्ड चेनमध्ये त्याला जागा द्या. मी ते छापून घेतलं. तोवर तपासणीवाले साहेब बदलून गेले होते.

तर ‘आत घ्या’ म्हणजे हे. गाडी उभी असताना औषध गाडीत नसावंच. ते दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये असावं आणि कॉल आला की आईस पॅकसह भरलेला छोटा कॅरिअर उचलून गाडीत ठेवायचा. झाकण सारखं उघडलं नाही तर तो बारा तास सहज काढतो, म्हणजे सिरोंचा-गडचिरोली जाऊन परत येण्याइतका. बॅटरी नको, वायर नको, दुरुस्तीचा माणूस नको. औषधं पाणी न शिरणाऱ्या डबीत, म्हणजे माझ्या थर्मोकोलसारखी गत व्हायला नको. साध्या बर्फाऐवजी पाच अंशांच्या आसपास गोठणारं जेल असलेले पॅक मिळाले तर इन्शुलिन गोठायची भीतीही जाते.

यावर पहिला आक्षेप मीच घेतो, कारण तो माझ्यावरच येतो. रात्री औषधभांडाराला कुलूप असतं आणि किल्ली औषध निर्माण अधिकाऱ्याकडे, तो राहतो तालुक्याच्या गावी. मीही राहत होतो, मुलांच्या शाळेसाठी. म्हणून हा फ्रिज भांडारात नकोच, प्रसूतिगृहात हवा. दवाखान्यात रात्री दोनला हमखास दिवा असलेली आणि माणूस जागं असलेली ती एकच खोली. ड्युटीवरच्या सिस्टरनं कॅरिअर द्यायचा, वहीत वेळ टाकायची, परत आला की पॅक बदलायचे. सिस्टरवर आणखी एक काम, हे मला कळतं. पण ऑक्सिटोसिन खराब निघालं तर सगळ्यात आधी तिच्याच समोरची बाळंतीण दगावते, म्हणून या कामाला ती नाही म्हणेल असं मला वाटत नाही. मी ज्यांच्याबरोबर नोकरी केली त्या तरी म्हणाल्या नसत्या.

दुसरा आक्षेप १०८च्या गाड्यांचा. त्या दर वेळी आपल्या ठिकाणावर परतत नाहीत, एका पेशंटवरून दुसऱ्याकडे जातात. खरं आहे. तिथे, विशेषतः अॅडव्हान्स्ड लाईफ सपोर्टच्या, म्हणजे अत्यवस्थ पेशंटसाठीच्या गाड्यांत, फ्रिज लागेल. पण मग तो नीट बसवा. इंजिनाच्या बॅटरीशी संबंध नसलेली दुसरी बॅटरी, मधे असा रिले की इंजिन चालू असतानाच दोन्ही जोडल्या जातील. व्होल्टेज पडलं की फ्रिज आपोआप बंद होईल अशी सोय. गाडी जिथे उभी राहते तिथे भिंतीवर एक पक्का सॉकेट, म्हणजे उभी असताना ती महावितरणच्या विजेवर चालेल आणि वीज गेली तर बॅटरीवर. छपरावर दीडशे-दोनशे वॉटचं सोलर पॅनेल टाकलं तर विदर्भाचं ऊन निदान एका कामी तरी येईल. आणि ते ‘गरम-थंड’ म्हणून विकले जाणारे हलके फ्रिज कृपा करून घेऊ नका. त्यांत कॉम्प्रेसर नसतो, पेल्टिएर चकती असते, ती बाहेरच्यापेक्षा साधारण वीस अंशांनी खाली आणते, त्याहून जास्त नाही. गाडीत ५० असतील तर आत ३०. दिवा हिरवा लागतो, पंखा फिरतो, साहेब खूश, आणि औषधाला वाटतं आपण पुण्याच्या एप्रिलमध्ये आहोत.

फ्रिजपेक्षाही आधी करायचं काम मात्र यादीतली गार औषधं कमी करणं हे आहे, आणि त्यात आपण भलतेच सुस्त आहोत. झटक्यांसाठी लोराझेपामऐवजी मिडाझोलाम चालतं, त्याला फ्रिज लागत नाही. बाळंतपणातल्या झटक्यांचं मॅग्नेशियम सल्फेट कपाटात राहतं. रक्तस्रावात ट्रॅनेक्सामिक ॲसिड तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, हे वीस हजार बायकांवरच्या अभ्यासातून २०१७ मध्ये दिसलं, तेही फ्रिजविना राहतं. मिसोप्रोस्टॉल तर गोळी आहे. सर्पदंशाची लस भुकटीच्या रूपात मागवली तर कोल्ड चेनचा बराच भार उतरतो, भुकटीलाही सावली आणि गारवा लागतो हे लक्षात ठेवून. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे मण्यार आणि नाग किती पेशंट पाठवतात हे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नोकरी केलेल्या कोणालाही विचारा.

ऑक्सिटोसिनचा उष्णता सोसणारा भाऊ, कार्बेटोसिन, २०१८ मध्ये भारतासह दहा देशांतल्या सुमारे तीस हजार बाळंतिणींवर तपासला गेला, रक्तस्राव टाळण्यात ऑक्सिटोसिनच्या तोडीस उतरला आणि पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेला. पण तो टिकतो ३० अंशांना. आमच्या मे महिन्यात त्यालाही कॅरिअरच्या सावलीत घ्यावं लागेल, फक्त तो ऑक्सिटोसिनइतका नाजूक नाही.

महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी ऐंशीच्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिनची साधी गोळी वापरून दाखवली आणि लाल विंचवाच्या दंशानं होणारे मृत्यू झपाट्यानं खाली आले. गोळी स्वस्त, खिशात मावणारी, फ्रिजचं तोंड न बघितलेली. खेड्यातल्या दवाखान्यासाठी औषध निवडताना ते काम करतं का हे जितकं बघतो, तितकंच ते आपल्या उन्हात तग धरतं का हेही बघायला हवं, ही त्या गोळीची शिकवण आपल्या खरेदीच्या याद्यांपर्यंत अजून पोचलेली नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. दोन कॅरिअर, डझनभर पॅक, कमाल-किमान दाखवणारा एक थर्मामीटर आणि प्रसूतिगृहातला एक फ्रिज. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून होण्यासारखं काम आहे, त्यासाठी मुंबईची वाट बघायला नको. अडतं ते सहीवर. लसींच्या रजिस्टरला सही आहे म्हणून लसी गार राहतात. गाडीतल्या औषधाच्या तापमानाला आज कोणाचीच सही नाही.

सही ड्रायव्हरची असावी, असं माझं मत. डॉक्टर बदलतात, सिस्टरची पाळी संपते, औषध निर्माण अधिकारी संध्याकाळी घरी जातो. गाडीजवळ कायम असतो तो एकटा. हा बहुतेक ठिकाणी कंत्राटी माणूस, त्याच्यावर जबाबदारी टाकायची तर त्याचा मोबदलाही त्यात धरावा लागेल. मी हे आमच्या ड्रायव्हरला माझ्या निवृत्तीनंतर एकदा बोलून दाखवलं. कॅरिअर तो आता स्वतः मागून नेतो म्हणे, आणि जेवणाचा डबा वेगळ्या पिशवीत. सही करायला त्याची हरकत नव्हती. अट एकच: तापमानाच्या शेजारी बॅटरीचे व्होल्ट लिहायलाही रकाना ठेवा, म्हणजे रात्री दोनला गाडी चालू होईल का नाही, ते संध्याकाळीच कळेल.